जुन्या कानशीपासून पटाशी

कानस बोथट झाली की ती बहुधा भंगारवाल्याच्या तराजूत पडते. बेगम बाजारसारख्या पेठेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना मालाची पारख सांगावी लागत नाही. तरीही या एका मालाची किंमत आपण कमी करतो. चांगल्या कानशीच्या पोलादात कार्बन सुमारे १ टक्का असतो, आणि धारेच्या हत्याराला तेच हवे असते. आपल्याच तेलंगणातील कोनासमुद्रमचे मुशीतील पोलाद न्यावयास पूर्वी इराणचे व्यापारी येत. तेही असेच कार्बनयुक्त होते.

प्रथम कानस कोळशाच्या भट्टीत लाल करावी व राखेत पुरून रात्रभर निवू द्यावी. ती मऊ होते. मग दुसऱ्या कानशीने तिचे दाते घासून काढावेत आणि टोकास एकाच बाजूने सुमारे २५ अंशांचा उतार द्यावा. धार अगदी पातळ करू नये. पाणी देताना ती तडकते.

आता टोकाचा दीड इंच भाग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल करावा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्यास लोहचुंबक चिकटेनासे होते. त्याहून किंचित अधिक तापवून लगेच कोमट गोड्या तेलात उभे बुडवावे. तेल भडकू शकते, म्हणून लांब चिमटा, डोळ्यांवर चष्मा, जवळ झाकण आणि वडीलधारा माणूस हवाच. थंड टोकावरून दुसरी कानस घसरली तर पाणी बसले. ती रुतली तर पुन्हा एकदा तापवून पाहावे. तरीही रुतल्यास ते पोलाद कामाचे नाही. काही स्वस्त कानशींचा वरचा थरच कठीण असतो.

मात्र हे टोक आता काचेसारखे ठिसूळ असते. ते काचकागदाने चकचकीत करून मागील बाजूने हलके तापवावे. फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग धारेकडे सरकतात. सुमारे २३० अंशांवर धार पिवळी होताच पाण्यात बुडवावी. निळी झाली तर ती नरम पडते. मग पुन्हा पाणी द्यावे. हे रंग पोलादाचे नव्हेत, त्यावर जमणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराचे असतात.

शेवटी बाभळीची मूठ बसवून दगडावर धार लावावी. ही पटाशी हाताने तासण्यासाठीच आहे. हातोड्याने ठोकू नये, तुकडा उडून डोळ्यास इजा होईल.

पोलादाला पाणी का देतात, याचे उत्तर मुले परीक्षेत पाठ लिहितात. ज्याने पिवळा रंग धारेपर्यंत येताना पाहिला, त्यास ते पाठ करावे लागत नाही; आणि हातचा हुन्नर भंगाराच्या भावाने कधी जात नाही.