नहाणीघराची फरशी आणि खोडलेली एक ओळ

व्यापारी घरातील माणूस दोरी सोडून माल पाहिल्याशिवाय गठ्ठा ताब्यात घेत नाही. वाणांची मोजणी, मापाची खात्री, बिलाशी ताळा, हे सारे झाल्यावरच सही. हाच माणूस घरात काम काढतो तेव्हा मात्र डोळे मिटून पैसे देतो. मीही तसेच केले.

सांगलीत आमचे राहते घर दुकानाच्या वर आहे. आईचे वय ७४. तिच्या नहाणीघरातील शहाबादी फरशी खडबडीत आणि काळवंडलेली झाली होती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती काढून नवीन टाइल्स बसवण्याचे ठरवले. जागा पाच फूट बाय आठ फूट. जमिनीला एक फुटी व्हिट्रिफाइड, न घसरणाऱ्या. भिंतींना साध्या सिरॅमिक. माल मोरबीचा, दुकानदार ओळखीचा. मजुरीचा ठराव ३२,००० रुपयांचा झाला. नऊ दिवसांत काम आटोपले. ग्राऊट वाळताच नहाणीघर असे चकाकू लागले, की शेजारची मंडळी पाहून गेली. त्याच संध्याकाळी २७,००० रुपये चुकते झाले.

दुसऱ्या दिवशी आईने स्नान केले आणि पाणी जाळीकडे न जाता दाराशी येऊन साचले. तिसऱ्या दिवशी त्याच पाण्यात तिचा पाय सरकला. दाराची कडी हाती आली म्हणून निभावले. ती फक्त एवढेच म्हणाली, “अरे, जुनी फरशी दिसायला वाईट होती, पण पाणी कुठं जायचं ते तिला कळत होतं.”

मग मी जे आधी करायला हवे होते ते नंतर केले. एक बादली पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबलो आणि जेथे पाणी राहिले तेथे फरशी कोरडी करून खडूने खुणा केल्या. पाणी जाळीकडे वाहण्यासाठी दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार लागतो. आठ फुटांच्या लांबीला म्हणजे जवळपास एक इंच. लेव्हलने मोजले तर आमच्याकडे पाव इंचही नव्हता आणि शेवटचे दोन फूट उलटे दाराकडे उतरत होते. त्यानंतर रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल वाजवली. घट्ट बसलेली टाइल बद्द वाजते, खाली पोकळी असलेली खणखणते. चाळीसपैकी तेरा खणखणल्या.

पोकळ आवाज ही क्षुल्लक बाब नव्हे. त्या जागी जड वस्तू पडली की टाइल तडकते, सांधा सुटतो, पाणी खाली मुरते. आमच्या नहाणीघराखाली तर साड्यांची कपाटे आहेत.

मिस्त्रींना बोलावण्याआधी धाकट्या भावाने सल्ला दिला, “उरलेले पाच हजार देऊ नको आणि दुसरा माणूस लाव.” राग मलाही आला होता. तरी खुणांसह छायाचित्रे काढली, दोषांची यादी तारखेसह लिहिली आणि ती त्यांना पाठवून दुरुस्तीची संधी दिली. अशी लेखी नोंद पुढेही उपयोगी पडते. घरच्या कामातील सदोष सेवेविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र पक्के बिल, निदान लेखी ठराव तरी हवा. रोखीत आणि तोंडी केलेल्या व्यवहाराला आयोगापुढे उभे करणे फार अवघड.

मिस्त्री आले, बसले, खडूच्या खुणा पाहिल्या. पाणी त्यांनी स्वतःच ओतून पाहिले. मग म्हणाले, “उताराचं माझ्या अंगावर, मालक. पोरांवर सोडून मी दुसऱ्या साइटला गेलो. पण पोकळ राहिलं त्याचं तुम्ही तुमची यादी काढून बघा.”

यादी वहीतच होती, त्यांच्या हातची. सिमेंट, वाळू, स्पेसर, ग्राऊट. आणि त्याखाली ‘टाइल चिकटवायचा माल, १ पोते’. त्या ओळीवर माझ्या पेनाची रेघ होती. सिमेंट असताना हा वेगळा खर्च कशाला, असे म्हणून मी ती खोडली होती. वाचले जेमतेम सहाशे रुपये.

कारण नंतर समजले. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर लावली तर धरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही; सिमेंटचा पातळ राप तिच्या पाठीला नीट चिकटत नाही. तिला पॉलिमरयुक्त चिकट मालच हवा, तोही दातेरी थापीने सर्वत्र पसरलेला, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून नव्हे. भारतीय मानक आय.एस. १५४७७ अशाच मालासाठी आहे. पोत्यावर तो क्रमांक पाहून घ्यावा.

ठरले असे: सारी फरशी उखडून पुन्हा बसवण्याची मजुरी त्यांची, माल माझा. भाऊ अजून म्हणतो, उतार चुकल्याने फरशी तशीही उखडावीच लागली असती, मग मालाचा भुर्दंड आपण का घ्यावा? हिशेबाने त्याचे खरे असेल. ती खोडलेली ओळ समोर ठेवून मला तसे म्हणता आले नाही.

उखडताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर दोन ठिकाणी फुटला, तो पुन्हा केला. जाळीचे तोंड बंद करून दोन बोटे पाणी ४८ तास साठवले आणि त्या दोन दिवसांत दुकानाचे छत दर चार तासांनी पाहिले. कोरडे राहिले. मग उताराचा कोबा, तो कडक झाल्यावर टाइल्स, दोन टाइल्समध्ये तीन मिलिमीटरची फट आणि त्यात एपॉक्सी ग्राऊट. प्रत्येक ओळ बसली की मिस्त्री स्वतः लेव्हल लावत होते. या वेळी दुसऱ्या साइटला गेले नाहीत. उरलेले ५,००० रुपये पंधरा दिवस वापर झाल्यावर दिले, तेही त्यांच्याच सूचनेवरून.

पहिल्या दिवशी आईने दाराशी एक तांब्या पाणी ओतले आणि ते जाळीत उतरेपर्यंत उंबऱ्याशी उभी राहिली. मग म्हणाली, “टॉवेल दे.”