‘हाय रिस्क’ म्हणजे नेमकं काय? (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात एनटी स्कॅनविषयी वाचलं. त्याच सुमारास, म्हणजे अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, डबल मार्करसाठी रक्त घेतात. पुढे हाती पडणाऱ्या त्या रिपोर्टइतकी घबराट गर्भारपणातल्या दुसऱ्या कुठल्या कागदाने क्वचितच होत असेल.

रिपोर्टवर एक आलेख असतो, त्यात आडवी लाल रेषा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ट्रायसोमी २१ – १:१८० – हाय रिस्क’ असं काहीतरी. नजर शेवटच्या दोन शब्दांवर खिळते. खरी माहिती मात्र आधीच्या आकड्यात आहे. असा आकडा आलेल्या १८० बायकांपैकी १७९ जणींच्या बाळाला ट्रायसोमी २१, म्हणजे डाउन सिंड्रोम, नसतो. १:२५० ही रेषा अनेक लॅब वापरतात, पण ती माणसांनी ठरवलेली आहे; १:२४० वाली ‘हाय’ आणि १:२६० वाली ‘लो’ यांच्यात प्रत्यक्षात नावापुरताच फरक. डबल मार्कर निदान करत नाही, फक्त शक्यता सांगतो. ती शक्यता आईचं वय, वजन, बाळाची स्कॅनवरची लांबी आणि रक्तातली दोन द्रव्यं यांवरून काढलेली असते. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की सगळ्यात आधी वरचा मजकूर तपासा. वजन बरोबर आहे का? जुळी असतील तर तसं लिहिलंय का? आठवडे स्कॅनप्रमाणेच धरलेत का? यातलं एखादं चुकलं की आकडा बदलतो.

यानंतर डॉक्टर बहुधा एनआयपीटी सुचवतात. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवून दिलं. ही चाचणी त्यावरच उभी आहे. दहाव्या आठवड्यापासून करता येते, सुई फक्त आईच्या दंडाला, आणि खर्च डबल मार्करच्या कितीतरी पट. जाहिरातीत ‘९९ टक्के अचूक’ लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. समजा, पंचविशीतल्या दहा हजार बायकांची ही चाचणी केली. त्यांच्यात डाउन सिंड्रोमची बाळं साधारण दहा असतील आणि ती जवळपास सगळी सापडतील. पण हजारात एक चुकीचा इशारा धरला, तरी आणखी दहा निरोगी बाळांचे रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतील. म्हणजे या वयात पॉझिटिव्ह आलेल्या दोघींपैकी एकीचं बाळ ठणठणीत. चाळिशीतल्या बाईला तोच रिपोर्ट आला तर तो खरा असण्याची शक्यता खूपच जास्त. म्हणून एकट्या एनआयपीटीवर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन. पक्कं निदान होतं ते वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासूनच. सरावलेल्या हातांनी केलेल्या गर्भजल परीक्षेत गर्भ पडण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो. कमी आहे, शून्य नाही.

या पायऱ्या एकदा चढायला लागलं की मध्येच थांबणं अवघड जातं. म्हणून पहिलं रक्त देण्याआधीच नवरा-बायकोने शांतपणे बोलावं: उत्तर ‘हो’ आलं तर आपण काय करणार? काही जण गर्भ ठेवणार नाहीत. काही काहीही झालं तरी ठेवतील, आणि त्यांनी चाचणी नाकारली तर त्यात बेजबाबदारपणा अजिबात नाही. तिसरा गट तयारीसाठी चाचणी करतो. डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. आधी कळलं तर बाळंतपण नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात ठरवता येतं. निर्णयाआधी असं मूल वाढवणाऱ्या एखाद्या घरी जाऊन याच. ते कुटुंब रोजच्या जगण्याबद्दल जे सांगेल, ते डॉक्टरांच्या खोलीत ऐकायला मिळत नाही.

दिवस मोजणंही गरजेचं आहे. गर्भजल सोळाव्या आठवड्यानंतर काढतात आणि गुणसूत्रांच्या पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. विसाव्या आठवड्यात सुरुवात केली तर रिपोर्ट येईपर्यंत तेविसावा उजाडतो. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भातल्या गंभीर दोषासाठी, दोन डॉक्टरांच्या मताने, २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. सज्ञान बाईच्या बाबतीत सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्यांची तर नाहीच. घरातल्या मोठ्यांचा सल्ला जरूर घ्यावा, पण तिच्यावतीने ठरवून टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही.

महाराष्ट्रात गर्भजल परीक्षेला वेगळा इतिहास आहे. १९८०च्या दशकात मुंबईत ती मुली शोधून पाडण्यासाठी सर्रास वापरली गेली. स्त्री-संघटनांनी लढा दिला आणि १९८८ साली या गैरवापराविरुद्ध देशातला पहिला कायदा इथे झाला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. त्या कायद्याचा धाक आपल्याला ठाऊक असतो, त्याने दिलेला हक्क मात्र क्वचितच: गर्भजल काढण्याआधी सगळे दुष्परिणाम समजावून सांगायचे, बाईला समजेल त्या भाषेत लेखी संमती घ्यायची आणि तिची प्रत तिला द्यायची. ती प्रत मागून घ्या.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचं गणित वेगळं आहे. तिथे आधी आईचं रक्त तपासतात. ती वाहक निघाली तर लगेच वडिलांचं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो. तिथे ही तपासणी लग्नाआधी झाली तर फारच बरं, निदान पहिल्या भेटीत तरी व्हावीच. वडिलांचा रिपोर्ट ‘पुढच्या वेळी आणतो’ म्हणत राहून जातो आणि हातातले आठवडे निसटतात. पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जा.

पुढच्या लेखात : अठरा ते वीस आठवड्यांचा अ‍ॅनॉमली स्कॅन.