गिअरचा झटका आणि इंजिनाच्या संगणकाचा हिशेब

ऑटोमॅटिक गाडीतील धक्क्यांचे मूळ पुष्कळदा गिअरपेटीबाहेर. महामार्ग, टोलनाका आणि जव्हारचा घाट यांनी घेतलेली परीक्षा

डहाणू/तलासरी, प्रतिनिधी – देशभर ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारी वाढल्या, तशा त्या मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावरही वाढल्या. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर पूर्वी क्वचित दिसणारी 'बिनक्लचची' गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. तिच्याबरोबर काही नव्या तक्रारीही आल्या आहेत. चारोटीच्या टोलनाक्यावर रांगेत सरकताना गाडी धक्के देते, कासा सोडून जव्हारच्या चढणीला लागल्यावर ती दोन गिअरांमध्ये सारखी हेलकावे खाते, आणि पुढचा ट्रक ओलांडताना नेमक्या मोक्याच्या क्षणी जोर हरवते. अशा वेळी मालकाचा पहिला संशय गिअरपेटीवर जातो. गिअरपेटी उघडणे हे मात्र मोटारीच्या सर्वांत खर्चिक कामांपैकी एक आहे, आणि पुष्कळदा दोष तेथे नसतोच. तो असतो इंजिनाच्या संगणकात साठवलेल्या आकड्यांमध्ये, किंवा त्या आकड्यांवर दुसऱ्या संगणकाने ठेवलेल्या विश्वासात.

दोन संगणकांचे संभाषण

आधुनिक ऑटोमॅटिक गाडीत बहुधा दोन संगणक असतात. एक इंजिनाचा, ज्याला ईसीयू म्हणतात. दुसरा गिअरपेटीचा, म्हणजे टीसीयू. काही गाड्यांत दोन्ही एकाच डबीत बसवलेले असतात. त्यांच्यात दोन तारांच्या एका सामाईक जाळ्यावरून सेकंदाला शेकडो संदेशांची देवाणघेवाण होते. 'कॅन' नावाची ही संदेशप्रणाली जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली.

या संभाषणातील सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे टॉर्क, अर्थात इंजिनाच्या दांड्याचा फिरवण्याचा जोर. सामान्य गाडीत हा जोर मोजणारे यंत्र नसते. ईसीयू तो हिशेबाने काढतो. इंजिनात किती हवा गेली, किती इंधन फवारले, ठिणगी कधी पडली, हवा किती तापलेली होती, वातानुकूलन यंत्र किती जोर खात आहे, अशा अनेक गोष्टींवरून तो अंदाज बांधतो. त्यासाठी लागणारे हजारो आकडे कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि रस्त्यावरील चाचण्यांत ठरवून तक्त्यांच्या रूपाने संगणकात भरलेले असतात. आकडे ठरवण्याच्या या कामालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

गिअरपेटीचा संगणक या अंदाजावर पूर्ण भिस्त ठेवतो. इंजिन किती जोर देत आहे हे कळल्यावरच आतील क्लच किती दाबाने आवळायचे हे तो ठरवतो. अंदाज कमी निघाला तर दाब कमी पडतो, क्लच घसरतो आणि झिजतो. अंदाज जास्त निघाला तर क्लच एकदम आवळला जातो आणि आत बसलेल्याच्या मानेला हिसका बसतो.

अर्ध्या सेकंदात काय घडते?

समजा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे. दुसऱ्या गिअरचे प्रमाण २ आणि तिसऱ्याचे १.४ असेल, तर तिसरा पडल्यावर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे २१०० वर यायला हवेत. म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदात ९०० फेरे कमी व्हायचे आहेत. फिरणाऱ्या जड चाकात साठलेली ही ऊर्जा कोठेतरी जाणारच. ती चाकांकडे गेली तर गाडी पुढे ढकलली जाते. क्लचमध्ये गेली तर त्याचे अस्तर तापते.

यावर उपाय म्हणून टीसीयू त्या क्षणापुरती ईसीयूकडे जोर कमी करण्याची मागणी करतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी किंचित उशिरा पाडून, तर डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा कमी करून ही मागणी पुरी केली जाते. फेरे नव्या गिअरशी जुळले की जोर पूर्ववत होतो. हे सारे नीट जमले तर चालकाला गिअर बदलल्याचे फक्त आवाजावरून समजते. जोर उशिरा कमी झाला तर धक्का, लवकर परत आला तर हिसका, आणि फार वेळ कमी राहिला तर गाडी दम घेत असल्याची भावना. गिअरपेटीतील एकही दाता न बदलता, केवळ या आकड्यांच्या फेरफाराने एकच गाडी मऊ किंवा आडदांड वाटू शकते. 'इको' आणि 'स्पोर्ट' ही बटणे हेच करतात. पायाखालच्या पट्टीचा अर्थ आणि गिअर बदलण्याचे वेग यांचे तक्ते त्यांनी बदलतात. यंत्र तेच राहते.

तीन रस्ते, तीन परीक्षा

पहिली परीक्षा टोलनाक्याची. स्वस्त मोटारींत प्रामुख्याने वापरली जाणारी एएमटी ही खरे तर साधी हाताची गिअरपेटीच असते. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. रांगेत सरकताना हे यंत्र, चालकाने 'हाफ क्लच' धरावा तसा, क्लच अर्धवट घासत ठेवते. तो नेमका कोठे पकडतो याची नोंद संगणक वेळोवेळी स्वतः शिकून ठेवतो. अस्तर झिजत गेले आणि ही नोंद मागे राहिली, की गाडी सुटताना थरथरते. २०२४ मध्ये महामार्गाच्या काँक्रीटीकरणामुळे झालेल्या कोंडीत किंवा चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेच्या गर्दीत अशा गाडीचा क्लच तासन्‌तास घासला जातो. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय तर त्याचे आयुष्य झपाट्याने कमी करते.

दुसरी परीक्षा सपाट महामार्गाची. ट्रक ओलांडण्यासाठी चालक पट्टी पूर्ण दाबतो, तेव्हा गिअरपेटीने एक-दोन गिअर खाली येणे अपेक्षित असते. हा निर्णय पट्टीची स्थिती आणि गाडीचा वेग यांच्या तक्त्यावरून होतो. वर जाण्याची आणि खाली येण्याची रेषा मुद्दाम वेगवेगळी ठेवलेली असते, नाहीतर गाडी सतत गिअर बदलत राहील. इंधन वाचवण्यासाठी वरचा गिअर लवकर टाकण्याचा कल कॅलिब्रेशनमध्ये असतो. त्यामुळे ओलांडताना प्रतिसाद एक-दोन क्षण उशिरा येतो. एएमटीमध्ये तर गिअर बदलताना चाकांकडे जाणारा जोर क्षणभर पूर्ण तुटतो. सहापदरी महामार्गावर हा क्षण निभावतो. समोरून वाहने येणाऱ्या दुपदरी रस्त्यावर तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ओलांडायला बाहेर पडण्यापूर्वीच हाताने खालचा गिअर घेणे शहाणपणाचे ठरते.

तिसरी परीक्षा घाटाची. डहाणू समुद्रकाठी, तर जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. चढ लागला हे गाडीला कसे कळते? पुष्कळ गाड्यांत संगणक एक सोपे गणित करतो. इंजिन इतका जोर देत असताना सपाटीवर गाडीचा वेग जेवढा वाढायला हवा, तेवढा तो वाढत नसेल तर चढ आहे. जास्त वाढत असेल तर उतार. चढावर तो खालचा गिअर धरून ठेवतो, उतारावर इंजिनाचा अवरोध मिळावा म्हणून वरचा गिअर टाकणे टाळतो. या गणिताचा पायाही ईसीयूने सांगितलेला टॉर्कच असतो. हवेचा फिल्टर चोंदला, हवा मोजणारा सेन्सर मळला किंवा टर्बोची नळी फुटली, तर इंजिन सांगते एक आणि देते दुसरे. मग गाडी तिसरा-चौथा, चौथा-तिसरा करीत बसते. गिअरपेटी बिचारी निर्दोष असते.

रोलरपासून सॉफ्टवेअरपर्यंत

महाराष्ट्राला बिनगिअरच्या वाहनाची ओळख करून दिली ती १९८० च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने. पुण्याच्या फिरोदिया घराण्याचा कायनेटिक समूह आणि जपानची होंडा यांच्या भागीदारीतून आलेल्या या स्कूटरमध्ये संगणक नव्हता. फेरे वाढले की पुलीतील वजनदार रोलर बाहेर सरकत आणि पट्टा आपोआप वरच्या प्रमाणावर चढे. तिची 'चाल' बदलायची तर रोलरचे वजन बदलावे लागे. त्या अर्थी रोलरचे वजन हेच तिचे कॅलिब्रेशन होते.

मोटारींमध्ये ऑटोमॅटिक सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती २०१४ मध्ये, मारुती सेलेरिओबरोबर. इटलीच्या मॅग्नेटी मारेली कंपनीची यंत्रणा नेहमीच्या पाचगिअरी पेटीवर चढवून ही एएमटी तयार झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मोटर्सने टियागो आणि टिगोर या गाड्या सीएनजी आणि एएमटी अशा जोडीने बाजारात आणल्या. देशातील ती अशी पहिली जोडी होती. वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवते, त्यामुळे सीएनजीवर इंजिनाचा जोर घटतो. पेट्रोल आणि वायू यांसाठी टॉर्कचे आणि गिअर बदलण्याचे स्वतंत्र तक्ते लागतात ते यामुळेच. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या ऑटोमॅटिक गाडीत गिअरपेटीच्या संगणकाला या बदलाची खबर नसेल, तर तो पेट्रोलच्याच हिशेबाने गिअर टाकत राहतो.

नियमांची छाया

गिअरच्या मऊपणावर प्रदूषणाचे नियमही परिणाम करतात. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा लागू झाला. या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून उत्सर्जन तपासले जाते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या आणि प्रमाणीकरणाचे काम करते. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे फेरे जास्त राहणे आणि वरचा गिअर उशिरा पडणे हा बहुतेक वेळा दोष नसतो. धूर शुद्ध करणारी जाळी लवकर तापावी म्हणून तसे आकडे भरलेले असतात.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबाबतही हेच तत्त्व आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. इंजिनाचा संगणक ऑक्सिजन सेन्सरच्या साहाय्याने फवारा वाढवून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. मात्र जुन्या गाडीत सेन्सर थकलेला असेल, तर थंड इंजिनावर किंवा पूर्ण पट्टी दाबल्यावर हिशेब चुकण्याची शक्यता वाढते, आणि ती चूक गिअरच्या हिसक्यातून जाणवू शकते.

'रीमॅप'चा मोह

ईसीयूमधील आकडे बदलून इंजिनाची ताकद वाढवून देणारे व्यावसायिक शहरांत बरेच आहेत. काम काही तासांत होते आणि गाडी खरोखर चपळ वाटते. धोका मात्र दडलेला असतो. समजा, नव्या आकड्यांनी इंजिन २३० न्यूटन-मीटर जोर देऊ लागले; पण टॉर्कचा तक्ता न सुधारल्याने ते गिअरपेटीला १८० च सांगत राहिले. गिअरपेटी १८० च्या हिशेबाने क्लच आवळते आणि उरलेल्या ५० मुळे तो घसरतो. सुरुवातीला हे घसरणे चालकाला सुखद, मऊ बदल वाटतो. काही हजार किलोमीटरनंतर तेल काळे पडते आणि जळका वास येतो, तोवर वेळ टळलेली असते. उत्पादकाची हमी रद्द होण्याची शक्यता आणि वाहनाच्या मूळ तपशिलात अनधिकृत बदलांना मज्जाव करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, हे दोन मुद्देही आहेतच.

गिअरपेटी उघडण्यापूर्वी

धक्क्यांची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जाणाऱ्याने तपासणीचा क्रम लक्षात ठेवला तर मोठा खर्च टळू शकतो.

– प्रथम साध्या गोष्टी : गिअरपेटीच्या तेलाची पातळी, रंग आणि वास, इंजिनाचे माउंटिंग, बॅटरीचा दाब. फाटलेल्या माउंटिंगचा धक्का हुबेहूब गिअरच्या धक्क्यासारखा वाटतो.

– नंतर स्कॅनर : इंजिन आणि गिअरपेटी या दोन्ही संगणकांतील दोषसंकेत वाचून घ्यावेत. फक्त गिअरपेटीचे वाचणे अपुरे आहे.

– हवेचा फिल्टर, थ्रॉटल आणि सेन्सर यांची सफाई. इंजिनाचा टॉर्कचा अंदाज यावरच उभा असतो.

– उत्पादकाने त्या मॉडेलसाठी सुधारित सॉफ्टवेअर काढले आहे का, याची अधिकृत कार्यशाळेत चौकशी. अनेक तक्रारी केवळ नव्या आकड्यांनी मिटतात.

– क्लच किंवा तेल बदलल्यावर संगणकाला नवी नोंद शिकवण्याची ठरलेली प्रक्रिया करून घेणे. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावरही ती लागते. अशा वेळी पहिले काही दिवस गिअर अडखळत पडणे स्वाभाविक आहे.

– धक्का केव्हा बसतो याची नोंद : थंड की गरम इंजिन, कोणता गिअर, चढ की सपाटी, वातानुकूलन सुरू की बंद, पेट्रोल की सीएनजी. 'गाडी धक्के देते' एवढ्या माहितीवर कोणताही कारागीर नेमके निदान करू शकत नाही.

एवढे करूनही स्कॅनरवर क्लच घसरल्याची नोंद येत असेल किंवा तेलात धातूचा चुरा दिसत असेल, तर दोष यांत्रिक आहे असे समजावे आणि गिअरपेटी उघडण्यास विलंब करू नये. घसरत्या क्लचवर गाडी तशीच जव्हारच्या घाटात नेणे म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाढवणे आणि वाटेत अडकून पडण्याची जोखीम पत्करणे होय.