कावळे नेमके कुठे ओरडतात?

माझ्या एका मैत्रिणीच्या पर्समध्ये कायम एक छोटी वही असते. वाण्याकडे उधारीसाठी ठेवतात तसली, लाल पुठ्ठ्याची. परवा तिने त्यातलं एक पान दाखवलं. ‘४.१०. जबडा आवळलेला. खांदे कानाशी. डबा तसाच. १ नंतर पाणी नाही.’ खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं, ‘राग साहेबांचा नाही, भुकेचा. (अर्धा साहेबांचाही.)’

तिचं वय त्रेचाळीस. दोन वर्षांपूर्वी तिला एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही असल्याचं निदान झालं. त्याआधी तिच्या वाट्याला नुसती विशेषणं आली होती : हळवी, आक्रस्ताळी, नाटकी, फार मनाला लावून घेणारी. लहानपणी आई विचारायची, “पोटात कावळे ओरडतायत का गं?” ही पोटावर हात ठेवून खरोखरच कान देऊन ऐकायची. काहीच ऐकू यायचं नाही, म्हणून प्रामाणिकपणे “नाही” म्हणायची. तासाभराने पेन्सिलीचं टोक मोडल्याचं निमित्त होऊन घर डोक्यावर घ्यायची. वरणभाताचे चार घास पोटात गेले की वादळ शांत. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला तो ‘लाडावलीये’ असा.

कावळ्यांचा आवाज न येण्यालाही एक शास्त्रीय बाजू आहे. भूक, तहान, श्वास, हृदयाचे ठोके, लघवीची संवेदना, अंगातली ऊब ही सगळी आतली खबर मेंदूकडे जात असते. या आतल्या संवेदनांना बाहेरच्यांपासून वेगळं काढून नाव दिलं ते ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी, १९०६ मध्ये. आज या विषयाला इंटरोसेप्शन म्हणतात. आपण ‘आतली जाणीव’ म्हणू. मराठी माणसाला ती नवीन नाही, कारण आपली भाषा तिच्यावरच उभी आहे. भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने काळजात धस्स होतं, रागाने तळपायाची आग मस्तकात जाते, कौतुकाने ऊर भरून येतो, परीक्षेच्या दारात हातपाय गळतात. भावना आणि तिचा पत्ता, दोन्ही एकाच वाक्यात.

फिनलंडमधल्या लाउरी नुम्मेनमा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हाच पत्ता शोधणारा होता. फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधल्या मिळून ७०१ जणांना त्यांनी माणसाच्या कोऱ्या आकृत्या दिल्या आणि एकेका भावनेत शरीराचा कुठला भाग जागा झाल्यासारखा वाटतो, कुठला मंदावल्यासारखा, ते रंगवायला सांगितलं. रागात डोकं, छाती आणि हात पेटलेले. नैराश्यात हातपाय निळे, विझलेले. आनंदात माणूस नखशिखान्त उजळलेला. युरोप आणि तैवान यांच्या भाषा वेगळ्या असूनही नकाशे बरेचसे जुळले. ‘हातपाय गळाले’ म्हणणाऱ्या आपल्या आजीला या नकाशाचं फारसं नवल वाटलं नसतं.

प्रश्न असा, की आधी काय येतं? भीती वाटते म्हणून छाती धडधडते, की छाती धडधडते म्हणून भीती वाटते? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये दुसरी बाजू घेतली : शरीरात बदल होतो आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये त्यांना खोडून काढलं. आतड्यांची हालचाल फार संथ असते आणि भीतीत काय, रागात काय, शरीरातले बदल साधारण सारखेच, असा त्यांचा मुद्दा. तो पुरता खोटा नाही. पण शरीर ही भावनेची नुसती सावली नाही, ती घडवणारा कच्चा माल त्यातून येतो, एवढं आज बहुतेक संशोधक मानतात. छातीपोटातून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूत सुमारे ८० टक्के तंतू खालून वर खबर नेणारे असतात. वरून खाली हुकूम नेणारे थोडेच. साहेब फारसे बोलत नाहीत, कारकुनांची टिपणं मात्र सारखी वर जात असतात.

ही टिपणं जिथे एकत्र वाचली जातात, तो भाग मेंदूच्या बाजूच्या घडीत, आत दडलेला आहे. नाव इन्सुला, म्हणजे लॅटिनमध्ये बेट. मेंदूशास्त्रज्ञ बड क्रेग यांनी २००२ मध्ये मांडलं, की शरीरातून वर येणारी वेदना, तापमान, खाज, भूक यांची खबर इन्सुलात पोचते आणि तिच्या पुढच्या भागात ‘मला आत्ता कसं वाटतंय’ हे चित्र उभं राहतं.

आतली जाणीव मोजायची कशी? सगळ्यात सोपी चाचणी जर्मन मानसशास्त्रज्ञ रायनर शांड्री यांनी १९८१ मध्ये वापरली. नाडीला हात न लावता, नुसतं बसून, ठरावीक वेळात हृदयाचे ठोके मोजायचे आणि खऱ्या आकड्याशी ताडून पाहायचे. मी हे कँटीनमध्ये करून पाहिलं. एका बोटात ऑक्सिमीटर, समोर सहकाऱ्याच्या हातात मोबाइलचा स्टॉपवॉच. तीस सेकंदांत मी बावीस मोजले. ऑक्सिमीटरच्या हिशेबाने एकेचाळीस झाले होते. त्या बावीसमधलेही निम्मे मी अंदाजाने ठोकले होते, हे नंतर कबूल केलं. या चाचणीवर संशोधकांची टीका नेमकी तीच आहे : हृदय मिनिटाला साधारण किती वेळा धडधडतं हे ज्याला ठाऊक आहे, तो काही न जाणवताही बरं उत्तर देऊ शकतो. म्हणून आता ठोके आणि कानात वाजणारे टिक-टिक आवाज जुळतात की नाही, असंही विचारतात.

ब्रिटनमधल्या सारा गार्फिंकल यांनी या गोंधळात एक उपयोगी भेद केला. आतली खबर अचूक कळणं ही एक गोष्ट. ती आपल्याला फार कळते असं वाटणं ही दुसरी. आणि आपलं वाटणं कितपत खरं आहे, याचं भान ही तिसरी. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या प्रौढांना ही मापं लावली. अचूकता कमी भरली, पण शरीराकडे आपलं फार लक्ष असतं असं तेच जास्त सांगत होते. आणि या दोहोंतली दरी जितकी रुंद, तितकी चिंता जास्त.

मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. मैत्रिणीच्या शब्दांत सांगायचं तर, “अरे, माझ्या अंगात सारखी घंटा वाजते. पण ती दाराची आहे, कुकरची आहे की आगीची, हे कळत नाही.” घंटा वाजते म्हटल्यावर माणूस धावतोच. बाहेरून पाहणाऱ्याला नुसतं धावणं दिसतं.

स्वतःची भावना ओळखता आणि सांगता न येणं याला अलेक्सिथायमिया म्हणतात. हा शब्द मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केला. ऑटिझम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये तो आढळतो, इतर लोकांत विसांत एखाद्यामध्ये. म्हणजे ऑटिझम आणि अलेक्सिथायमिया एक नव्हेत. मानसशास्त्रज्ञ जेफ बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की ऑटिझमला चिकटवलेली ‘भावना कळत नाहीत’ ही पाटी पुष्कळदा खरं तर या दुसऱ्या पाहुण्याची असते. जाता जाता एक तक्रार. ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. स्वतःत बुडालेला माणूस! ज्या माणसाला स्वतःच्या पोटातली भूकसुद्धा उशिरा कळते, त्याला हे नाव देणं म्हणजे क्रूर विनोद आहे. मी ऑटिझमच म्हणतो.

एडीएचडीची गोष्ट थोडी निराळी. निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी नियमावलीत त्याची अठरा लक्षणं आहेत, नऊ लक्ष विचलित होण्याची आणि नऊ चंचलता-उतावळेपणाची. त्या अठरात भावनांच्या तीव्रतेचं एकही नाही. सोबतची गोष्ट म्हणून ती बाजूला नोंदवली आहे. पण एडीएचडीसह जगणाऱ्या मोठ्या माणसांशी बोला, ती आधी तेच सांगतील : राग क्षणात शंभरावर, आनंदही शंभरावर, आणि ‘नंतर बोलू’ एवढ्या मेसेजने दिवस वाया. यादीत नसलेलं दुखणं डॉक्टरही विचारत नाहीत, मग ते माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होतं.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही कल्पना इथे कामाची आहे. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ जुडी सिंगर यांनी १९९८ मधल्या आपल्या प्रबंधात तो शब्द वापरला. मेंदूंचे प्रकार असतात आणि वेगळा म्हणजे बिघडलेला नव्हे, असा त्याचा रोख. या कल्पनेचं आता समाजमाध्यमांवर जरा जास्तच गोड सरबत झालंय. ‘तीव्र भावना ही देणगी आहे’ वगैरे. मैत्रिणीला हे ऐकवलं तर ती म्हणते, “देणगी परत करता येते का बघ.” पण तीच बाई तानपुऱ्याची एक तार किंचित उतरलेली बाहेरच्या खोलीतून ओळखते. भाचीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी ती सगळ्यांच्या आधी रडली, कारण नवरीचा आवाज चिरकल्याचं तिने सगळ्यांच्या आधी ऐकलं होतं. आवाजाचं बटण तिच्याकडे सगळीकडे सारखंच वर आहे. नको तेवढंच खाली करण्याची सोय नाही.

मग करायचं काय? ऑटिझम असलेल्या अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी किशोरवयात एक उत्तर शोधलं होतं. मावशीच्या अ‍ॅरिझोनातल्या रँचवर लस टोचताना गुरांना दोन फळ्यांच्या मध्ये हळूच दाबून धरत. बिथरलेली जनावरं त्यात शांत होताना त्यांनी पाहिलं. स्वतःही आत शिरून पाहिलं आणि पुढे स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. माणसाची मिठी त्यांना सहन होत नसे, यंत्राचा दाब होई. कारण सोपं होतं : मिठी किती घट्ट आणि किती वेळ, हे समोरचा ठरवतो. यंत्राची दांडी त्यांच्या हातात होती.

आतली जाणीव शिकवता येते का, याचा एक चांगला प्रयोग ब्रिटनमधल्या ब्रायटन-ससेक्सच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. ऑटिझम असलेले १२१ प्रौढ. निम्म्यांना हृदयाचे ठोके ओळखायचा सराव दिला, बसून आणि हलका व्यायाम करूनही, आणि दर वेळी उत्तर बरोबर की चूक ते सांगितलं. उरलेल्यांना आवाजातल्या भावना ओळखायचा सराव. तीन महिन्यांनी पहिल्या गटातल्या ३१ टक्के लोकांचा चिंतेचा आजार निदानाच्या रेषेखाली आला होता, दुसऱ्यातल्या १६ टक्क्यांचा. हा आकडा जादूचा नव्हे. सत्तर टक्के लोक तिथेच राहिले. पण उड्या मारून छाती धडधडू द्यायची आणि ‘हे माझंच हृदय, माझ्याच उड्यांमुळे’ असं ओळखायचं, या साध्या गोष्टीने इतकं व्हावं, हेही थोडं नाही.

इथे कुणीतरी इगतपुरीचं नाव घेणारच. विपश्यनेत अंगावरच्या संवेदना पाहायला शिकवतात, हे खरं. पण अमेरिकेत साहिब खालसा यांनी २००८ मध्ये अनुभवी ध्यानसाधकांची हृदयाच्या ठोक्यांची चाचणी घेतली, तेव्हा ते ध्यान न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपण सरस आहोत असं मात्र त्यांना वाटत होतं. शिवाय ज्याच्या अंगात आधीच घंटा वाजते, त्याला दहा दिवस गप्प बसवून ती ऐकायला लावणं प्रत्येकाला मानवेलच असं नाही. मैत्रीण तिसऱ्या दिवशी घरी परतली होती. तिला चालताना जमतं. बसून नाही.

तिची पद्धत गावठी आहे. ‘मला काय वाटतंय’ हा प्रश्न तिने सोडून दिला आहे, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे वेळेवर येत नाही. ती फक्त अवयव विचारते. जबडा? हात गार की गरम? श्वास कुठपर्यंत जातोय, गळ्यापर्यंत की पोटापर्यंत? शेवटचं खाल्लं कधी? भावनेचं नाव रात्री, जमलं तर. ऑफिसमध्ये दुपारी एक, चार आणि सहाला मोबाइल थरथरतो. पूर्वी पडद्यावर ‘शांत हो’ असं यायचं. ते तिने पहिल्याच आठवड्यात खोडलं, कारण ते वाचून तिला आणखी राग यायचा. आता तिथे लिहिलंय : ‘कावळे?’