दगडफुलाचं नावगाव

लातूरच्या गंजगोलाईत येसूर किंवा काळ्या मसाल्याचं सामान बांधून घेताना धणे-खसखशीसोबत दगडफुलाची पुडी येतेच. ते करडं-काळपट पापुद्र्यांचं सामान नेमकं कुठलं, हे सहसा कुणी विचारत नाही. भिंग लावून पाहिलं, तर एकाच पुडीत दोन-तीन जाती सापडू शकतात.

दगडफूल हे पानासारखं पसरणारं शैवाक. बुरशी आसरा देते, तिच्या आतलं शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी ही भागीदारी मांडली, तेव्हा शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर यांनी कडाडून विरोध केला. गंमत अशी, की शैवाकं ओळखण्याची रासायनिक चाचणी १८६६ साली दिली ती याच नायलँडर यांनी.

पुडीत सापडणाऱ्या जातींपैकी पार्मोट्रेमा पर्लॅटमच्या कडेला काळे केस आणि पिठासारखी भुकटी असते. पार्मोट्रेमा टिंक्टोरमला केस नसतात, पृष्ठभागावर बारीक कोंब असतात. आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकला, की टिंक्टोरम लाल होतं, पर्लॅटम ढिम्म.

पण रंगावर भिस्त ठेवली की फसगत होते. ध्रुवीय प्रदेशातल्या आणि उंच डोंगरांवरच्या खडकांवर वाढणारं अंबिलिकॅरिया हे शैवाकही याच थेंबानं लाल होतं. ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन फ्रँकलिन यांच्या १८१९-२२च्या आर्क्टिक मोहिमेतल्या माणसांनी उपासमारीत असलीच शैवाकं खाल्ली होती.  अंबिलिकॅरियाची खरी खूण खालच्या बाजूला: मधोमध एकच देठ, त्यानंच ते खडकाला धरून असतं. म्हणजे शैवाक कशावर आणि कसं चिकटलं होतं, हे ठाऊक नसेल तर ओळख अर्धीच. पोत्यातल्या दगडफुलाची नेमकी हीच माहिती हरवलेली असते; त्यातला बराचसा माल तर दगडावरचा नव्हे, झाडांच्या सालीवरचा.

ही माहिती हवी, तर शैवाकं जागेवर जाऊनच पाहावीत. लातूरचा काळा कातळ मे महिन्यात भाजून निघतो. तिथे पानासारख्या शैवाकांपेक्षा दगडाला घट्ट चिकटलेल्या खपल्यांसारखी शैवाकं शोधावीत. किनवट-माहूरच्या सावलीच्या जंगलात सालीही तपासाव्यात.

महाराष्ट्रातल्या शैवाकांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला मखीजा यांनी मोठं काम केलं. तिथल्यासारख्या संग्रहात नमुन्यासोबत चिठ्ठी लागते: गाव, उंची, तारीख, दगड की साल, झाड कोणतं, ऊन की सावली. नमुना नखाएवढा पुरतो. बहुतेक शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, त्यामुळे अख्खं खरवडून आणू नये.