चिमटीत येईल इतकी पिन

जुन्या मोटारींच्या दाराला, काचेच्या कडेशी, पेरभर डोके वर काढणारी एक पिन असते. दाबली की दार बंद, ओढली की उघडे. सेंट्रल लॉकिंगच्या जमान्यात ती बहुतेक गाड्यांतून गेली. गिरगावच्या गल्ल्यांत रात्री अंग चोरून उभ्या असणाऱ्या गाड्यांत पिनवाल्या अजून काही आहेत. त्यांतली एक आमची.

पूर्वी या पिनेचे डोके अळंबीसारखे पसरट असे. बोटांना सोयीचे, तसेच चोरालाही. काचेच्या रबरातून वाकवलेली तार आत सारायची, फास डोक्याखाली अडकवायचा आणि वर खेचायचे. म्हणून पुढे निमुळत्या, गुळगुळीत पिना आल्या. फास त्यांवरून निसटतो. जुन्या काढून अशा पिना घरीही बसवता येतात. आधी काचा खाली घ्याव्यात, म्हणजे स्वतःच्याच गाडीबाहेर तिष्ठावे लागत नाही. पिन वर असतानाच फिरवून काढावी. खाली असताना काढली तर सळईचे टोक भोकात गडप होते आणि दाराचे आतले पॅनेल उघडण्यापर्यंत मजल जाते. नमुना खिशात घालूनच दुकानात जावे. आटे जुळले नाहीत तर पक्कड लावून जबरदस्ती करू नये.

खरा प्रश्न, पिन किती खोल फिरवायची? दुकानदाराचा सल्ला असतो, दाराच्या कडेशी सपाट बसवा, चोराचे काही चालणार नाही. चोराचे चालणार नाही हे खरे, पण आत बसलेल्याचे काय? माझी नोकरी बँकेतली. तिथल्या स्ट्राँगरूमला अजस्र दार असते, तरी चुकून कोणी आत अडकलाच तर त्याला हवा मिळावी म्हणून व्हेंटिलेटरही ठेवलेला असतो. बंदोबस्त करणाऱ्याने आतल्या माणसाचा विचार केलेला असतो तो असा.

मुंबईकराला हे वेगळे सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि या शहरात माणसे बंद मोटारींत गुदमरून गेली. पाण्याने वीजयंत्रणा बिघडली की विजेवरच्या काचा आणि लॉक यांचा भरवसा राहत नाही. हाताच्या पिनेला वीज लागत नाही. तिने सारे सुटते असेही नाही म्हणा. बाहेर पाणी चढले की दाबाने दार हलत नाही. पण परळला हिंदमात्याशी पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत यायला जी काही मिनिटे लागतात, त्यांत उतरायचे असेल तर पिन बोटांत यायला हवी.

आमच्या सौभाग्यवतींची बोटे संधिवाताने वाकली आहेत. पिना मी दोन आटे वर ठेवल्या, त्यांना हात साबणाने ओले करायला लावले आणि चारही दारे उघडायला सांगितली. तीन उघडली. मागच्या डाव्या दाराचे लॉक जड आहे. तिथे पिन चिमटीतून निसटली. त्या दाराला अळंबीच परत बसवली आहे.