वैलावरचं पाणी

पहाटे ५:३०
इंदापूर तालुक्यातली एक वस्ती. धुराड्याच्या चुली घालणाऱ्या मावशी गारा तुडवतायत. चाळलेली माती, शेण, साखर कारखान्यावरचा उसाचा भुसा, थोडी राख. जानेवारीची थंडी आणि पाय घोट्यापर्यंत गार चिखलात. "खडा राहिला की तिथंच तडा जातो," म्हणत त्या एक खडा उचलून भिरकावतात.

सकाळी ७:००
मुलाच्या गाडीवर गाऱ्याचं पोतं, लोखंडी साचा, थापी, छिन्नी. तीन इंची सिमेंटचा पाइप मावशींच्या खांद्यावर. पाइपाचे ३५० रुपये घरवाल्यांचे. मावशींची मजुरी चुलीमागे ४००. त्यातले १०० पेट्रोलला जातात.

८:००
प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल. २६९ चौरस फूट. १ लाख २० हजार सरकारचे, बाकी उसनवारी. वर पत्रा. उज्ज्वला योजनेतली गॅसची टाकी आहे, पण चहा-दुधापुरती. १४.२ किलोच्या टाकीवर सहा माणसांचं अंघोळीचं पाणी तापवायचं तर ती किती दिवस पुरणार? अनुदानाचे ३०० रुपये मागाहून खात्यात येतात, आधी सगळे पैसे मोजावे लागतात. भाकरी आणि पाणी म्हणूनच चुलीवर. जळण तुराट्यांचं, वेड्या बाभळीचं.

घरातल्या वहिनी जुनी चूल मोडायला हात लावतात. मागची भिंत आढ्यापर्यंत काळी आहे.

९:३०
साचा मांडून गारा दाबायचा. हे काम मावशी कुणाला देत नाहीत. पुढच्या तोंडात जाळ, तोच मागच्या वैलाखालून, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या जागेखालून, सरकत धुराड्यात. मधली वाट अरुंद झाली तर धूर उलटा तोंडातून येतो, रुंद झाली तर ऊब वाया जाते. साचा काढला की मावशी आत मूठ घालून ती वाट चाचपतात, ओल्या बोटांनी कड गुळगुळीत करतात.
"वहिनी, तुमचंच पातेलं आणा."
पातेलं ओल्या वैलावर हलकेच टेकवून फिरवतात. एका बाजूला फट दिसते. चिमूटभर गारा, पुन्हा पातेलं, पुन्हा गारा. चौथ्या वेळी नीट बसतं.

दुपारी १२:३०
छिन्नीनं पत्रा कापायचा. पाइप आढ्याच्या वर निघाला पाहिजे, नाहीतर वारा धूर खाली ढकलतो. भोवती डांबर.

१:४५
भाकरी, पिठलं. सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम २००२ साली थांबला. मावशी त्याच्या आधी हे काम शिकल्या, लग्नाला वर्षच झालं होतं. "तेव्हा चूल बसली की नोंद झाली. पुन्हा बघायला कोण आलं नाही. काजळीनं पाइप चोंदले, लोकांनी उपटून टाकले." मला तरी खरी खोट इथंच दिसते.
वहिनी ३०० देतात. उरलेले शनिवारी, खुरपणीचे पैसे आले की.

४:००
बारामती तालुका. आठवड्यापूर्वीची चूल वाळलीय, आज पेटवायची. तुराट्या कडकडतात. आधी धूर तोंडातूनच येतो. घरातली सून फुंकणी उचलते.
"थांब गं. पाइप तापू दे."
थोड्या वेळानं धूर आत ओढला जातो. पुढं तव्यावर भाकरी, मागं वैलावर हंडा. भाकऱ्या होईतो हंड्यात बोट घालवत नाही.
मग मावशी काठीला चिंधी बांधतात, सुनेला वर चढवतात आणि पाइप कसा झाडायचा ते तिच्याच हातून करून घेतात. "महिन्याला एकदा. विसरलीस तर मीच येईन." या फेरीचे पैसे त्या घेत नाहीत.

६:१५
उद्या भिगवणकडं दोन चुली. माती पुरणार नाही. मुलगा गाडी ओढ्याकडं वळवतो, मावशी पोतं झटकतात.